इंजेक्शन कुठलं दिलं, तेवढं चिठ्ठीवर लिहा

राज्यातले माझे पशुधन पर्यवेक्षक बंधू-भगिनी, पशुवैद्यक डॉक्टरमंडळी आणि मोटारसायकलला पेटी बांधून गावोगाव फिरणारे खासगी सेवा देणारे, सर्वांस,

स. न. वि. वि.

मी तुमच्यातलाच एक. १९८६ साली जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात लागलो, चौतीस वर्षं दक्षिण रायगडातल्या वाड्यावस्त्यांवर गुरांना टोचत, खच्चीकरणं करत, कृत्रिम रेतन करत फिरलो आणि २०२० मध्ये घरी बसलो. गावातले लोक मला डॉक्टरच म्हणायचे. पदवीधर डॉक्टरांना ते खटकायचं, मला आवडायचं. असो, तो वाद आज नको.

पत्राचं निमित्त गेल्या पावसाळ्यानंतरचं आहे. शेजारच्या गावात एकाची गाभण म्हैस गेली. आमच्या भागात गिधाडं अजून थोडीफार तग धरून आहेत. म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या घरट्यांबद्दल तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यामुळे मोठं जनावर मेलं की मढी गिधाडांना खायला नेऊन टाकणाऱ्या पोरांना फोन जातो. पण गुराला टोचलेली काही वेदनाशामकं मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेली की ती मरतात. म्हणून पोरं टेम्पो घेऊन आली, दोरखंड काढले आणि म्हशीला हात लावायच्या आधी मालकाला एकच प्रश्न विचारला.

"काका, आठवडाभरात हिला इंजेक्शन कुठलं दिलं होतं?"

"डॉक्टर आले होते ना. दोन दिलीन."

"कुठली?"

"एक पिवळं होतं नि एक पाण्यासारखं."

पोरांनी गोठ्यामागचा उकिरडा काठीने उकरला. एक सुई सापडली, एक फुटकी सिरिंज सापडली आणि एक बाटली, जिचं लेबल पावसाने धुऊन गेलेलं. पिवळं म्हणजे मेलॉक्सिकॅम, गिधाडांना चालणारं वेदनाशामक असेल, असं तुम्ही म्हणाल. पण पिवळं तर बी-कॉम्प्लेक्सही असतं. आणि ते पाण्यासारखं काय होतं? ज्याने टोचलं त्याचा फोन लागेना. शेवटी जेसीबी बोलावला, खड्डा खणला, मीठ-चुना टाकून म्हैस पुरली. पोरांनी केलं ते बरोबरच. मात्र टेम्पो रिकामा परत जाताना मी तिथे उभा होतो. वरच्या डोंगरावर उपाशी असलेल्या पक्ष्यांचं दोन दिवसांचं जेवण मातीत गेलं होतं, कारण आपल्यापैकी एकाने कागदाच्या कपट्यावर दोन शब्द लिहिले नव्हते.

त्या माणसाला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाही. मी स्वतः चौतीस वर्षांत असे कपटे किती लिहिले? आपल्या दवाखान्याच्या रजिस्टरात लिहीत होतो, कारण तपासणीला साहेब यायचे. शेतकऱ्याच्या हातात काही नाही.

निवृत्त झाल्यावर घरी जुन्या खासगी वह्या निघाल्या. नव्वदच्या दशकातल्या वह्यांत पानापानावर माझ्याच अक्षरात 'डायक्लो' आहे. तुमच्यातल्या तरुणांना कल्पना नसेल, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक आलं तेव्हा आम्हाला काय आनंद झाला होता. तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप झालेला बैल तीन-तीन दिवस जमिनीला चिकटून पडायचा, मालक डोक्याला हात लावून बसायचा. हे टोचलं की संध्याकाळी बैल वैरणीला तोंड लावायचा. स्वस्तही होतं. मालक म्हणायचा, "डॉक्टर, हात आहे तुमचा." हात कसला, बाटली होती. त्यातली काही जनावरं जगत नसत. ताप उतरला तरी मूळ आजार असायचाच, आणि दोन दिवसांनी जनावर जायचं. मग ते खाडीकाठच्या माळावर ओढून टाकलं जायचं. पुढचं काम गिधाडांचं.

ते काम मी लहानपणी पाहिलंय. बैल टाकला की आधी आभाळात काहीच नसायचं. मग एक ठिपका, मग पाच, मग मोजता येत नसत. तासाभरात कातडं आणि हाडं. भांडणाचा तो चिरका, फुसफुसणारा आवाज बांधावर बसून ऐकू यायचा. पोट भरलेली गिधाडं जड होऊन तिथेच पंख पसरून उन्हात बसायची आणि आम्ही पोरं ढेकळं मारून त्यांना उडवायला बघायचो, ती दोन उड्या मारून परत बसायची. १९९८-९९ च्या सुमाराला एका ऐनाच्या झाडावर मी पाच-सहा गिधाडं माना खाली लोंबकळत ठेवून बसलेली पाहिली. मला वाटलं, झोपलीत. गाडी न थांबवता पुढे गेलो, पुढच्या वाडीत एक गाय अडली होती.

ती झोपलेली नव्हती, हे मला फार उशिरा वाचून कळलं. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्यांची घरटी मोजली होती. नव्वदीच्या मध्यावर परत मोजली तर निम्म्याहून कमी, आणि त्यानंतर काही वर्षांतच तिथे एकही घरटं उरलं नाही. फांद्यांवर माना टाकून बसलेले पक्षी त्यांनीही पाहिले. मग उत्तर भारतातल्या रस्त्यांवरून गाडीने, ठरलेल्या त्याच मार्गांवर, परत परत मोजण्या झाल्या. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातलं एक उरलं. लांब चोचीची ९७ टक्क्यांच्या आसपास गेली.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, विषाणू असावा. मेलेली गिधाडं फाडली तर आतल्या अवयवांवर पांढऱ्या खडूसारखा थर. आपल्यापैकी पोल्ट्रीत काम केलेल्यांना तो थर ओळखीचा आहे, गाऊट झालेल्या कोंबडीच्या काळजावर साचतो तोच. मूत्रपिंड निकामी झालं की युरिक अॅसिड बाहेर पडत नाही, ते अवयवांवर बसतं. पण मूत्रपिंड निकामी कशाने? पाकिस्तानच्या पंजाबात संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं असं एकेक बाद करत गेले. शेवटी त्यांनी आपल्यासारख्यांना गाठायचं ठरवलं, म्हणजे गुरांना काय काय दिलं जातं ते विचारायला लागले. गाऊटने मेलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, पंचवीसच्या पंचवीसमध्ये डायक्लोफेनॅक. दुसऱ्या कारणाने मेलेली १३ तपासली, एकातही नाही. २००४ मध्ये हे छापून आलं. या सगळ्या शोधात मला तो औषधाच्या चौकशीचा टप्पा सर्वात लागतो. उत्तर रजिस्टरांत, दुकानांच्या फळ्यांवर आणि आपल्या पेट्यांत पडून होतं, फक्त इतकी वर्षं विचारलं कुणी नव्हतं.

एका हिशेबाने मात्र माझी झोप उडवली, तो सांगतो. गिधाडं इतक्या वेगाने संपायला किती मढ्यांत औषध असावं लागेल, याचं गणित संशोधकांनी मांडलं. माझा अंदाज होता, निम्म्या तरी मढ्यांत. उत्तर आलं, १३० ते ७६० मढ्यांत एक. साडेसातशेत एक पुरे! कारण एका मढ्यावर पाच-पन्नास गिधाडं बसतात, आणि हे पक्षी वर्षाला एकच अंडं घालतात, तेही पाच वर्षांचे झाल्यावर. मोठा पक्षी गेला की ती जागा भरायला वर्षानुवर्षं लागतात. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये देशभरातल्या मढ्यांच्या यकृताचे नमुने तपासले तेव्हा दहातल्या एकात डायक्लोफेनॅक निघालं. म्हणजे "मी एकट्याने क्वचित वापरलं तर काय बिघडतं" या वाक्यात काही दम नाही. त्या साडेसातशेतलं एक माझं असू शकतं, तुमचं असू शकतं.

माझ्या इंजेक्शनने ऐनावरची ती पाच-सहा गेली का, हे मी सांगू शकत नाही. माझ्या वहीत औषध आहे, तारीख आहे, मालकाचं नाव आहे. जनावर पुढे जगलं की मेलं आणि मेलं तर कुठे टाकलं, ते नाही.

मे २००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद करायचे आदेश निघाले, २००८ मध्ये राजपत्रात बंदी आली. मग काय झालं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. माणसांसाठीची ३० मिलीची बाटली गोठ्यात आली. कंबरदुखीच्या पेशंटला एका वेळी तीन मिली लागतं, त्याला तीसची बाटली कशाला? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. २०१५ मध्ये ती मोठी बाटलीही बंद केली, आता तीन मिलीचीच. गायीला ते वापरायचं तर चार-पाच तरी कुप्या फोडाव्या लागतात, आणि तरी फोडणारे आहेत.

दरम्यान अॅसिक्लोफेनॅक आलं. नाव वेगळं, पण गायीच्या शरीरात गेलं की त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे २०१० च्या आसपास प्रयोगांतून स्पष्ट झालं होतं; या दोन्हींवर बंदी यायला २०२३ चा जुलै उजाडला. निमेसुलाइडवरची बंदी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आली. फ्लुनिक्सिनबद्दलही इशारे दिलेले आहेत. तुम्ही बघा, दर वेळी क्रम तोच: आधी परवाना, मग विक्री, मग मेलेली गिधाडं, मग प्रयोग, मग अर्ज आणि कोर्ट, मग बंदी. गुरांसाठी नवं वेदनाशामक बाजारात आणायच्या आधीच ते गिधाडांना चालतं की नाही हे तपासायला हवं, आणि ती जबाबदारी कंपन्यांची आणि औषध नियंत्रकांची आहे. त्यांना वेगळं पत्र लिहिलंय. पण तिथून उत्तर येईपर्यंत बाटली तुमच्या हातात आहे.

चालतं काय, तेही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता नकारघंटा वाजवतो. मेलॉक्सिकॅम २००६ मध्ये गिधाडांवर तपासलेलं आहे, सुरक्षित निघालं. टोल्फेनॅमिक अॅसिडही तपासून सुरक्षित ठरलंय. दोन्ही आपल्याला मिळतात.

"मेलॉक्सिकॅमने तितका पटकन फरक पडत नाही," असं मीही पहिली दोन वर्षं म्हणत होतो. अर्धी गोष्ट मात्रेची होती. बाटली महाग म्हणून आम्ही हात आखडून द्यायचो, आणि मग औषधाला नावं ठेवायचो. उरलेली अर्धी मालकाची. त्याला आपण जायच्या आत जनावर उभं राहिलेलं हवं असतं, आणि आपल्यालाही ते बघायला आवडतं. कबूल करू या.

"आमच्याकडे गिधाडंच नाहीत, मग कुणासाठी?" मराठवाड्यातल्या एका मित्राने मला फोनवर हेच ऐकवलं. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं ताडोब्यात आणली, पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावून नंतर सोडली. त्यातलं एक हिंडत हिंडत थेट तमिळनाडूत पोचलं आणि तिथे विजेच्या तारेने मेलं. मधल्या कुठल्या तालुक्यात कुणाकुणाच्या मढ्यावर ते उतरलं असेल, कोण जाणे. म्हणून तर एखाद्या वसाहतीभोवती सुरक्षित पट्टा आखतात तो शंभर किलोमीटर त्रिज्येचा. चिरगावहून शंभर किलोमीटर मोजलं तर पुणं येतं, महाबळेश्वर येतं, मुंबई येते. तेवढ्या भागातला एकजण चुकला तरी पुरे.

आणि गिधाडांचं काय करायचंय, असं ज्यांना वाटतं त्यांनी कुत्र्यांकडे बघावं. आपल्यातल्या किती जणांनी पिसाळलेल्या गायीच्या तोंडात हात घालून नंतर पोटात गोळा आलेला अनुभवलाय? २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांचा अभ्यास आला, एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे मुळात कमी होती, त्यांची त्यांनी तुलना केली. गिधाडं गेल्यावर २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख जास्तीची माणसं मेली, असा त्यांचा हिशेब आहे. सडलेलं मांस, घाण झालेलं पाणी, वाढलेली कुत्री, रेबीज. पर्यवेक्षकाला यात नवल वाटू नये, हे सगळं आपल्या हद्दीत घडतं.

आणखी एक बोलायला हवं, अवघड असलं तरी. "पूर्वी गुरं माळावर टाकत होते तेच बरं होतं," असं म्हणणारे भेटतात. ते टाकायला ओढत कोण होतं? गावाने ते काम एका समाजावर लादलं होतं. आमच्याच महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा म्हणून सांगितलं, पुढे लोकांनी मढी ओढणंही सोडलं, आणि सोडायलाच हवं होतं. आज टेम्पो, दोरखंड, हातमोजे घालून जी पोरं हे काम करतात ती स्वखुशीने करतात, पक्ष्यांच्या प्रेमाने करतात. नाशिककडे हरसूलजवळ आणि गडचिरोलीतही गिधाडांच्या जेवणाच्या अशा जागा गावकऱ्यांच्या मदतीने चालल्या. त्या पोरांना उकिरडे उकरायला लावणं मला लाजिरवाणं वाटतं. कोकणात गुरंच कमी झालीत, जी मरतात ती बहुतेक पुरली जातात, त्यामुळे इथे प्रत्येक स्वच्छ मढ्याला किंमत आहे. स्वच्छ आहे हे कळणार कसं, एवढाच प्रश्न.

म्हणून चिठ्ठी. तारीख, जनावर, औषधाचं नाव मराठीत, तुमचा फोन नंबर. चार ओळी. कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं लिहा, कारण ब्रँड दर दोन वर्षांनी बदलतो. मालकाला सांगा, गोठ्यातल्या खुंटीला अडकव, आठवडाभर काढू नको. आठवडाभरात जनावर गेलं तर चिठ्ठी पोरांना दाखव. चिठ्ठीवर मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक अॅसिड असेल तर मढं गिधाडांना जाईल. दुसरं काही असेल किंवा चिठ्ठीच नसेल तर खड्डा.

लिहायला हात का कचरतो ते मला माहीत आहे. जनावर दगावलं तर तोच कागद आपल्यावर उलटेल, ही भीती. पण मग विम्याच्या दाखल्यावर आपण सगळं कसं लिहितो? तिथे मालकाला पैसे मिळतात म्हणून तो पाठ सोडत नाही. खासगी भावांची अडचण वेगळी, त्यांच्या हातात अधिकाराचा कागद नाही आणि लिहिलेलं काहीही पुरावा होतं. त्यांच्यासाठी माझी सूचना आहे: सही नको, नाव नको, फक्त औषध आणि तारीख लिहा. आणि जे लिहायला धजत नाही ते मुळात टोचताच कशाला?

डॉक्टरमंडळींना एक विनंती. तालुक्याच्या महिन्याच्या बैठकीत लसीकरण आणि रेतनाचे आकडे विचारता, त्यात एक रकाना वाढवा: उपचार चालू असताना किती मोठी जनावरं दगावली आणि शेवटचं औषध कुठलं. संशोधकांना यकृताचे नमुने गोळा करत देशभर फिरावं लागलं, ती माहिती आपल्याकडे बसल्या जागी जमते. वरून परिपत्रक यायची वाट बघू नका, एका तालुक्याने सुरू केलं तरी चालेल.

मी तालुक्याच्या छापखान्यातून पन्नास पानांची पॅडं छापून घेतलीत. हलका पिवळा कागद, वर मोठ्या अक्षरात 'गुराला दिलेलं औषध', खाली चार ओळी, कोपऱ्यात खुंटीला अडकवायला भोक. त्या म्हशीच्या मालकाने पहिलं पॅड मागून नेलं, म्हणाला, पुढच्या वेळी डॉक्टर आले की आधी हेच हातात देतो. दवाखान्यासमोरच्या पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्याशेजारी बाकीची ठेवलीत. फुकट आहेत. येता-जाता घेऊन जा, संपली की सांगा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
दक्षिण रायगड